नंबराच्या जागी खूण

१२ जून

ही डायरी चांदमल शेठच्या दुकानातली. बेल्ह्यात त्यांचं कापडाचं दुकान हाय, नव्या वर्षाला गिऱ्हाइकांना वाटत्यात. जानेवारीपासनं मी तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवत आले. आज सानीनं तांब्या उचलला अन म्हणली, "आज्जी, मी गेल्यावर रोज पाच वळी लिहायच्या. नायतर तुझं अक्षर मोडंल."

मी तिसरी शिकलेली बाई. जोडाक्षरं मला ह्या पोरीनंच गेल्या साली गिरवून घेतली. आता मास्तरीण चालली हॉस्टेलला, अन जाताना अभ्यास देऊन चालली.

सानी म्हणजे सानिका, माझ्या दादाभाऊची लेक. यंदा पाचवीला. मढच्या अलीकडं, माळशेजच्या रस्त्याला, सिस्टरांची शाळा हाय, तिथं ठेवायचं ठरलं. दादाभाऊनं अन माझ्या सुनंनं, निर्मलानं, ठरवलं. मला इचारलं नाय, सांगितलं. कारण खोटं नाय. वस्तीवरनं शाळेच्या रस्त्याला लागायचं तर दोन्हीकडनं ऊस. उन्हाळ्यात शेजारच्या गेणभाऊचं कुत्रं बिबट्यानं तिथनंच उचललं, भर दुपारचं. तवापासनं निर्मला पोरीला दाराबाहेर एकटी सोडंना.

तर मला कारणाचा राग नाय. राग हाय त्या पत्र्याच्या पेटीचा. उंबऱ्यातच ठेवलीया, येता-जाता पायाला लागती.

१३ जून

शाळेनं कागद दिलाय, काय काय आणायचं त्याचा. त्यात लिवलंय, सगळ्या कपड्यांवर नंबर घालावा. सानीचा सत्तावीस. निर्मला काळं पेन घेऊन बसली. मी म्हणलं, "पोरीला नंबर? ती काय एस्टी हाय व्हय?"

"आत्या, तिथं सगळ्यांचे कपडे एका जागी धुत्यात. कुणाचं कुठलं कसं कळायचं?"

"आमची मेंढरं गावच्या मेंढरांत मिसळायची, तवा कुणाचं कुठलं कसं कळत व्हतं?"

तिच्या हातातनं परकर-झंपर वढून घेतलं अन लाल दोऱ्यानं आपली खूण घातली. दोन तिरक्या रेघा, मधी ठिपका. माझ्या सासऱ्याच्याबी आधीपासनं ही आमच्या घराची खूण. मेंढराच्या पाठीवर लाल रंगानं काढायची. पावसाळ्यात मेंढरं घेऊन लांब गेलं अन एखादं चुकलं, तर खूण बघून परकी माणसं सांगावा धाडायची, धर्माजीचं मेंढरू आमच्यात आलंय, घेऊन जा. (धर्माजी आमचं मालक. तोंडानं नाव घेत नाय, लिवायला काय हरकत.)

सानी शेजारी बसून बघत व्हती. म्हणली, "आज्जी, दुसऱ्याच्या मेंढराला आपली खूण घातली तर?"

म्हणलं, "मग ते आपलं. आजारी पडू दे, लंगडू दे. एकदा खूण केली की सोडायचं नाय. म्हणून घालतानाच इचार करायचा."

चड्ड्यांवर, टॉवेलावर, मोज्यांवर, सगळीकडं घातली. निर्मला म्हणली, "आत्या, तिथल्या पोरी हसतील." हसू दे. दात हायेत त्यांना.

पांघरुणावरनं मात्र वाजलं. निर्मला म्हणली मालकांची घोंगडी देऊ, तिकडं घाटात गारठा असतो. मी नाय म्हणलं. सानी अन मी दोघी तिच्यातच झोपतो. ती दिली तर पोरगी सुट्टीला आल्यावर काय पांघरंल? घोंगडी घरची हाय, घरीच ऱ्हाईल. बाजारात गेले. चांदमल शेठच्या बायकोनं, सुंदरबाईनं, जाड ब्लँकेट काढून दिलं, त्याच्यावर जबडा उघडलेला वाघ. बिबट्याला भिऊन पोरगी चालली, अन अंगावर घ्यायला वाघ.

१५ जून

सोडून आलो.

शाळा सपाट जागेवर हाय, मागं डोंगर. आत गेलो तर शिपाई म्हणला, फादरांना भेटा. फादर म्हणले, मदरांकडं जा. मदर म्हणल्या, सिस्टर दाखवतील. मी दादाभाऊला म्हणलं, आख्खी भावकी हाय की रं हितं. बाप हाय, आई हाय, बहीण हाय. फक्त आज्जी दिसंना. ती एक जागा मोकळी हाय.

हे त्या सिस्टरनं ऐकलं अन मोठ्यानं हसली. सिस्टर ब्रिजिता म्हणत्यात तिला. हॉस्टेल तीच बघती. मला वाटलं केरळची-बिरळची असंल, तर बाई वसईची. मराठी बोलती, जरा हेल काढून. माझ्या लुगड्याकडं बघत ऱ्हायली अन म्हणली, "माझी आजी लाल लुगडं नेसायची. केळी विकायला बाजारात जायची." मी म्हणलं, "मग तू पांढऱ्यात कशी?" तर पुन्हा हसली. तिला हसायचं लई. पोरींच्या राखणीला असं हसरं माणूस चालतं का, देव जाणे.

पोरींच्या खोलीत भिंतीला त्यांच्या देवाचं चित्र. मानेवर कोकरू घेतलंय. धरलंय बरोबर, पाय पुढं घेऊन. पण अंगात पांढरा झगा, हातात काठी धड नाय, अन कुत्रं कुठंच नाय.

सानीच्या शेजारच्या खाटंवर तळेघरकडची एक पोर, जाई. काटकुळी. तिला सोडायला कुणी दिसलं नाय. सिस्टर म्हणली, बाप पहाटं सोडून गेला, तिकडं गाड्या कमी, नायतर परतायला चालावं लागलं असतं.

सानी रडली नाय. गाडी निघाली तवा हात केला अन लगीच आत पळाली. आत काय व्हतं एवढं?

निर्मला रस्ताभर रडली. मी ओतूरपतूर तिला बोलले, पुढं बोलायचा कंटाळा आला.

१६ जून

पाच वळी.
आज काय झालं नाय.
भाकरी केल्या, एक जास्तीची झाली.
ती कुत्र्याला घातली.
पाच झाल्या.

१९ जून

सानीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं कोकरू हाय, बुधी. बुधवारी जन्मलेलं म्हणून बुधी. शाळा सुटायच्या वक्ताला ते रस्त्याकडं तोंड करून उभं ऱ्हातं. आज मी त्याला कान धरून आत आणलं. म्हणलं, कुणी येत नाय, चारा खा. खाल्ला नाय. जनावराला अक्कल नसती, त्याला कोण समजावणार. मी तिथं उभी व्हते ती त्याच्यासाठी.

२० जून

शनिवारी संध्याकाळचा फोन असतो. दादाभाऊ बोलला, निर्मला बोलली. मग मला दिला. सानी म्हणली, "आज्जी, बुधी कशीय?" म्हणलं बरी हाय. "दूध पिती का?" म्हणलं पिती. "तिला माझा आवाज ऐकव ना."

मी फोन घेऊन गोठ्यात गेले, बुधीच्या कानाला लावला. काय बोलली कुणास ठावं. बुधीनं फोन चाटला. मी परत कानाला लावला, तवर कट झाला व्हता.

म्हणजे मेंढराशी बोलली. बरं झालं. माझ्याकडं तरी सांगण्यासारखं काय व्हतं.

२७ जून

आजचा फोन चांगला नव्हता. सानी बारीक आवाजात म्हणली, "आज्जी, पोरी मला मेंढी म्हणत्यात. बें बें करत्यात."

"कशापायी?"

"त्या खुणंपायी. मी सांगितलं आमच्या मेंढरांची खूण हाय म्हणून."

"सांगायचं कशाला?"

"त्यांनी इचारलं. खोटं कसं बोलू?"

निर्मला माझ्याकडं बघत व्हती. बोलली नाय काय. बोलली असती तर बरं झालं असतं, मला पण बोलता आलं असतं.

५ जुलै

महिन्याचा पहिला रविवार, भेटीचा दिवस. पुरणाच्या पोळ्या केल्या, जवसाची चटणी घेतली. दादाभाऊच्या पिकअपमधी पुढं बसून गेले.

सानी वाळली नाय. केस बारीक कापल्यात. मी मिठी-बिठी मारत नाय, पण जवळ घेऊन जरा वास घेतला. साबणाचा येतो. लोकरीचा येत नाय.

मग फ्रॉकची कड उलटून बघितली. खूण नाय. सुईची भोकं तेवढी दिसत्यात, अन बाजूला काळ्या पेनानं २७. टॉवेल बघितला, तिथंबी तेच.

म्हणलं, "उसवली?"

मान खाली घालून म्हणली, "हं."

"दोरा कुठं टाकला?"

"टाकला नाय. पेटीत हाय."

म्हणलं, ठीक हाय, दोरा कुठं सोन्याचा व्हता.

जाईला कुणी भेटायला आलं नव्हतं. खाटंवर बसून नखं खात व्हती. तिच्यापुढं पोळी ठेवली. खाल्ली. दुसरी ठेवली, तीपण खाल्ली. तिसरीला म्हणली, "बास, आज्जी." तोंडात दुसऱ्याची आज्जी लगीच बसली तिच्या. पोर वाईट नाय.

मग सगळ्या आई-बापांना हॉलमधी बसवलं. वर्षाच्या सुरवातीची प्रार्थना झाली. फादरनं गोष्ट सांगितली. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं. एक हरवलं. तर नव्व्याण्णव रानात सोडून तो एकाला शोधायला गेला. सापडल्यावर खांद्यावर घेऊन आला.

माझ्यानं गप बसवंना. उठून म्हणलं, "फादर, नव्व्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडली?"

हॉल हसला. दादाभाऊ माझं लुगडं वढाया लागला. म्हणला, "आये, बस ना खाली!" मी म्हणलं, "आमच्याकडं बिबट्या हाय. एकाच्या पाठी गेला तर परत येईस्तोवर पन्नास ऱ्हायची नाय. गोष्ट सांगणाऱ्यानं मेंढरं राखली नसणार."

फादर भला माणूस. म्हणला, "आजीबाई, हे मला याआधी कुणी विचारलं नव्हतं. मी विचार करतो." तेवढ्यात ती सिस्टर ब्रिजिता मागनं बोलली. हसत नव्हती. "आजी, पण तुमचं एखादं हरवलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

मी लुगडं सावरलं अन खाली बसले.

येताना सानीनं हात केला. ह्या खेपेला फाटकाशी उभी ऱ्हायली, गाडी वळंपतूर. मी आरशात बघत व्हते. आरसा दादाभाऊच्या बाजूला व्हता, म्हणून वाकून बसावं लागलं. कंबर दुखती.

१४ जुलै

मढकडं पाऊस लागून ऱ्हायलाय म्हणत्यात. हितं नुसतं ढग. घोंगडी एकटीला मोठी हुती. दुसरी बाजू खाली लोळती, धूळ गोळा करती. दुमडून घ्यावी तर जड हुती. मालक असताना, मग सानी असताना, कधी कळलं नाय एवढी मोठी हाय ते.

२५ जुलै

सानी रडत व्हती. निर्मलानं घाईनं फोन माझ्या हातात दिला. "आज्जी, मला घरी ने. आत्ता ने." म्हणलं, काय झालं? "जाई नाय. जाई गेली. मला ने ना, आज्जी." मागं कुणीतरी बाई पोरींवर वरडत व्हती. मग फोन कट झाला. परत लावला, तर लागंना.

दादाभाऊ म्हणला, "पोरीची मैत्रीण घरी गेली असंल, म्हणून रडती. चार दिवसांनी इसरंल."

मी म्हणलं, "आजपतूर ती रडली नाय. आज रडली. भेटीच्या रविवारी जायचं अन घेऊन यायचं."

"अन बिबट्या?"

"मी सोडीन, मी आणीन. काठी हाय माझ्याकडं."

"आये, तुला गुडघ्यानं उंबरा चढवंना."

"तुझ्या बापामागं मेंढरं घेऊन मी डोंगर चढले. तू पाठीवर व्हतास, मुतत व्हतास."

निर्मलाला हसू आलं. मग तीच म्हणली, "जाऊ द्या. पोरगी यायची म्हणली तर आणा. नाय म्हणली तर आत्या, तुमी पुन्हा इषय काढायचा नाय." दादाभाऊ म्हणला, चाललं. मी पण म्हणलं, चाललं.

नाय म्हणायचा प्रश्नच नाय. स्वतःच्या तोंडानं म्हणलीया.

२७ जुलै

दादाभाऊनं शाळंत फोन केला. सिस्टर म्हणली, सगळं ठीक हाय, रविवारी या, सांगते. ठीक म्हणजे काय, ते काय सांगितलं नाय.

सानीची गादी उन्हात टाकली. कोपऱ्यातलं जाळं काढलं. तिचा पाट शोधून ठेवला, माळ्यावर व्हता.

१ ऑगस्ट

मोठी पिशवी धुऊन वाळवली. कपडे आणायला. पेटी मागनं आणता यील. बुधीला सांगितलं, उद्या. तिला काय कळतंय, पण सांगितलं.

२ ऑगस्ट

सगळं नीट लिवते.

गेलो तर पाऊस नुसता कोसळत व्हता. सिस्टरनं फाटकातच गाठलं. म्हणली, "आजी, आधी माझं ऐका." त्या शनिवारी जाई न सांगता-सवरता निघून गेली व्हती. तळेघरला, घरी, चालत. दीड महिन्यात तिला भेटायला कुणी आलं नव्हतं. तिकडं भाताची लावणी, अन बापाला रोजंदारी सोडून येववंना. पोरगी डांबरी रस्त्यानं निघाली. तिला वाटलं सगळे रस्ते घरी जात्यात.

सिस्टर एका मोटारसायकलवाल्याच्या मागं बसून पावसात शोधायला गेली. डिंगोऱ्याकडं, एका टपरीच्या आडोशाला सापडली. चिंब, थंडीनं काकडलेली.

मी इचारलं, "अन बाकीच्या पोरी?"

सिस्टर हसली. "स्वयंपाकाच्या बयाबाईंना दारात बसवलं होतं. लाटणं घेऊन."

म्हणजे फोनात वरडत व्हती ती बयाबाई. म्हणलं, हे फादरला सांगा. गोष्टीत एक बयाबाई घाला.

वर गेले. सानी खाटंवर. मी पिशवी पुढं टाकली. म्हणलं, "भर. चल, बस गाडीत."

सानी उठली नाय. जाई तिच्या मागं, त्या वाघाच्या ब्लँकेटात गुंडाळून बसलेली. आठवडा झाला तरी खोकत व्हती. दोघींत ते एकच ब्लँकेट. जाईचं शाळंनं दिलेलं पातळ, ते वाळत टाकलेलं, वाळतंय कुठं.

"चल की," म्हणलं. "तूच म्हणली ना, घरी ने?"

"तवा जाई नव्हती," सानी म्हणली.

"मग?"

"आता हाय."

मी जाईकडं बघितलं. पोर ब्लँकेटात आणखी आत शिरली. तिचा हात बाहेर व्हता. बाहीवर लाल दोरा. दोन तिरक्या रेघा, मधी ठिपका. रेघा वाकड्या, ठिपका नाकाएवढा मोठा. घातलेली पोराच्या हाताची. पण दोरा मी ओळखला. उसवलेला दोरा सरळ हुत नाय, त्याला टाक्याची मोड ऱ्हाती. तो माझाच दोरा व्हता.

"हे कुणी केलं?"

"मी," सानी म्हणली. "ती परत आल्यावर. सगळ्या कपड्यांवर घातली. आता पोरी दोघींना मेंढी म्हणत्यात." अन हसली. "एकटीला म्हणल्यावर वाईट वाटतं. दोघींना म्हणल्यावर नाय वाटत."

मी म्हणलं, "साने, जाईचं तिचे आई-बाप बघतील, सिस्टर बघंल. तू चल."

तर पोरगी माझ्याकडं बघून म्हणती काय, "आज्जी, खूण केलीया. तूच सांगितलंस ना, खूण केली की सोडायचं नाय. घालताना इचार केला व्हता मी."

दादाभाऊ दारात उभा व्हता. त्यानं तोंड फिरवून घेतलं. मला त्याचाच राग आला, बाकी कुणाचा येईना.

जाई ब्लँकेटातनं म्हणली, "आज्जी, मागच्या वक्ताची चटणी आणलीया का?"

आणली व्हती. वाढली. दोघी एका ताटात जेवल्या. मी जाईच्या बाहीवरचा ठिपका उसवून नीट घातला. म्हणलं, ठिपका बारीक असावा, नायतर लांबनं डाग वाटतो. सानीनं वाकून बघितलं, पुढच्या वक्ताला जमंल म्हणली.

निघताना सिस्टरनं पिशवी बघितली. मोठी, रिकामी. छत्री धरून गाडीपतूर आली. म्हणली, "आजी, ती एक जागा मोकळी होती ना आमच्याकडे, ती भरली म्हणायची." मी म्हणलं, "पगार काय देता?" हसाया लागली. ह्या बाईला हसायचं लई, पण ठीक हाय.

घरी आल्यावर निर्मलानं पिशवी बघितली अन चहा टाकला. इषय काढला नाय. ठरल्यापरमाणं मी पण काढणार नाय.

३ ऑगस्ट

दादाभाऊ आज टोमॅटो घेऊन ओतूरला चाललाय. म्हणलं, तसाच पुढं शाळेपतूर जा. घोंगडी बांधून दिली. त्या वाघात दोन पोरी मावत नाय. घोंगडीत मावत्यात, मोठी हाय ती.

निर्मला म्हणली, "आत्या, तिच्यावर नंबर?"

म्हणलं, कोपरा बघ. मालकांनी लोकरीतच विणून घेतलीया खूण, लाल लोकरीनं.

संध्याकाळी बुधी रस्त्याकडं तोंड करून उभी ऱ्हायली. मीबी जरा उभी ऱ्हायले. मग दोघी आत आलो.

चादर पांघरून बघितली. हलकी हाय, बरी हाय. मला थंडी तशी कधी वाजत नाय. दिवाळी यायला लई दिवस नाय आता.

पाच वळींच्या वर झालं. सानी रागवंल.